हसीनची जागा

जीलानीच्या आईने हसीनचं नाव पहिल्यांदा घेतलं ते रविवारी दुपारी, कुसकुसची परात रिकामी झाल्यावर. तोवर या घरात हसीन नावाचा कुणी कधी नव्हता. गावात मात्र नावाला तोटा नाही. तस्तूरच्या चौकात उभं राहून हसीन अशी हाक मारली, तर चार जण वळून बघतील आणि पाचवा दुकानातून डोकं बाहेर काढेल.

झालं असं, की जीलानी बहिणीला दाखवायला म्हणून तारांचं एक वाद्य, नवा ऊद, बाहेर घेऊन आला होता. नवा म्हणजे या घरात नवा. एरवी तो त्याच्या आईपेक्षाही म्हातारा होता. औषधांचं दुकान जावयाच्या हाती दिल्यापासून जीलानीचा सगळा जीव जुन्या तंतुवाद्यांत अडकला होता. मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. फ्रेंचांच्या काळातलं जाझवाल्यांचं गिटार, कलिंगडासारख्या पाठीचं इटालियन मँडोलिन, सरहद्दीपलीकडून आणलेला अल्जेरियन मंदोल, शिंपल्याची नक्षी असलेला दमास्कसचा ऊद, आणि दोन तारांचा एक रबाब, जो वाजू लागला की शेजारचं कुत्रं गळा काढायचं. नझीहा, म्हणजे त्याची धाकटी बहीण, त्या खोलीला लाकडाची वखार म्हणायची. जीलानीला राग यायचा तो एवढ्याचसाठी, की वखारीतलं लाकूड वाजत नाही आणि त्याच्याकडचं प्रत्येक वाद्य वाजत होतं. वाद्यं नुसती भिंतीला टांगणाऱ्या लोकांची त्याला शिसारी होती.

हा ऊद चार जोड तारांचा होता. आमच्याकडे त्याला अरबी ऊद म्हणतात. दांडी लांब, पोट लहान, आणि पोटावर एकाऐवजी तीन जाळीदार चकत्या. मालूफ वाजवणारी जुनी माणसं हाच वापरत. मालूफ म्हणजे समुद्रापलीकडून, अंदलूसहून पूर्वजांनी बरोबर आणलेलं संगीत, ज्याच्या बैठकीत जीलानीला तरुणपणी हमखास झोप लागायची. तो शिकला राजधानीत, बोटं बसली इजिप्तच्या गाण्यांवर. अरबी ऊदाच्या तारा जुने लोक काहीतरी उलट्यासुलट्या लावत, हे त्याने ऐकलं होतं. पण ते त्याला अडाणीपणाचं वाटे. त्याने आपल्या हाताला सोयीचं तेच केलं. नव्या तारा आणल्या आणि जाडीपासून बारकीपर्यंत, जिन्याच्या पायऱ्या लागतात तशा ओळीने लावून टाकल्या.

आई खिडकीपाशी मसूर निवडत बसली होती. गेली काही वर्षं तिच्या आठवणीची चाळणी झाली होती. बारीक सगळं खाली गेलं होतं आणि कधी कुठला जाडाभरडा दाणा वर राही, याचा नेम नव्हता. जीलानीला ती कधी आपला मेलेला भाऊ समजे, कधी नळ दुरुस्त करणारा. एकदा तर तिने त्याला, बसा हो, यजमान येतीलच इतक्यात, असं सांगून कॉफी पाजली होती. यजमानांना जाऊन तेव्हा बावीस वर्षं होत आली होती.

जीलानीने सुट्या तारांवरून हात फिरवला, आणि आईचा मसुरातला हात थांबला.

"हसीन तिकडे शेवटी काय करतोय?" ती म्हणाली. "त्याला इकडे बोलवा. त्याची जागा ती नाही."

"कुठला हसीन, आई?"

"कुठला म्हणजे? आपला हसीन."

त्या 'आपला'ने घात केला. नझीहा खरकटी परात उचलून उभी होती, ती तशीच उभी राहिली. आई पुन्हा मसूर निवडू लागली. पण तिच्या कपाळावर आठी आली होती, घरातलं माणूस उन्हात उभं आहे आणि कुणाला त्याची पर्वा नाही असं वाटल्यावर येते तशी.

स्वयंपाकघरात गेल्यावर नझीहाने नळ मोठा सोडला, म्हणजे बोलणं बाहेर जाऊ नये. ती शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. दोन गोष्टी शेजारी दिसल्या की त्यांची बेरीज केल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"नवऱ्याचं नाव विसरली," ती म्हणाली. "माझं विसरली, तुझं विसरली. आणि हसीन आठवतोय."

"असेल कुणी शेजारीपाजारी."

"शेजाऱ्याला कुणी आपला म्हणतं का, दादा?"

जीलानीने तिला शुक्रवारची आठवण दिली. लहानपणी दर शुक्रवारी दुपारी आजी गावातल्या हमामला अंघोळीला जायची, आणि वडील या दोघांच्या हाती टोपली देऊन त्यांना नदीकाठच्या मळ्यात पिटाळायचे. डाळिंबं आणा, नसली तर जर्दाळू, काहीच नसलं तर पुदिन्याची जुडी. निघताना मागे दाराची कडी लागल्याचा आवाज यायचा. मोठं झाल्यावर दोघांनी त्याचा जो अर्थ कुठलीही भावंडं लावतील तो लावला होता, आणि त्यावर एकमेकांशी कधी बोलायचं नाही असं न ठरवता ठरवलं होतं. आज बोलावं लागलं. ज्या नवराबायकोला दर शुक्रवारी दार लावून बसावंसं वाटतं, त्यांच्यात तिसरा हसीन कुठून येणार, असं जीलानीचं म्हणणं.

नझीहा लाजली, मग थांबली, मग तिने नळ बंद केला.

"तो मळा कुणाचा होता?" तिने विचारलं.

मळा डाळिंबवाल्या काकांचा होता. दोघं लहानपणापासून त्यांना डाळिंबवाले काकाच म्हणत. त्यांचं खरं नाव हसीन. अजूनही दर हंगामात त्यांच्याकडून या घरी एक टोपली यायची आणि ती का येते हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. झालं, बेरीज मांडली गेली.

त्या संध्याकाळी जीलानीने वडिलांचा फोटो भिंतीवरून काढला आणि न्हाणीघरातल्या आरशापुढे धरला. साठी ओलांडलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या, लवकरच दुसऱ्यांदा आजोबा होणाऱ्या माणसाने आपला बाप कोण याची चौकशी आरशाकडे करावी, हे हसण्यासारखंच होतं. त्याला हसू आलं नाही. नाक वडिलांसारखं वाटलं, पण तसलं नाक अर्ध्या गावाला आहे. कान जुळेनात. फोटोतल्या कानांवर लाल टोपी ओढलेली होती, तेव्हा त्यांचीही खात्री देता येईना.

बायको असती तर तिने त्याला भानावर आणलं असतं; पण ती धाकट्या मुलीच्या बाळंतपणासाठी सफाक्सला गेली होती. हे टेलिफोनवर सांगण्यासारखं प्रकरण नव्हतं.

खरं सांगायचं तर वडिलांशी त्याचं फारसं कधी जमलंच नव्हतं. त्यांचं नाव खमाइस. धान्याच्या सहकारी कोठारात कारकून होते. बोलणं मोजकं, चेहरा कायम बंद. रेडिओ लावायचे तो बातम्यांना, आणि बातम्या संपून गाणं सुरू झालं की कान पिरगळावा तसा बटण पिरगळून बंद करायचे. आजी हजयात्रा करून आलेली, घरात गाणंबजावणं म्हणजे सैतानाला पाट मांडणं असं म्हणणारी. तिचाच मुलगा, दुसरं काय. सोळाव्या वर्षी जीलानीने पहिलं गिटार घरी आणलं, तेव्हा वडील त्या गिटाराकडे बराच वेळ बघत राहिले. जीलानीला वाटलं, आता हात लावतील. त्यांनी हात लावला नाही. एवढंच म्हणाले, "वाजवायचं तर दार लावून वाजव." ते वाक्य जीलानीच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. त्याच्या जोरावरच तो राजधानीला निघून गेला, आणि पुढे घेतलेलं प्रत्येक वाद्य त्याने कुठेतरी त्या वाक्याला उत्तर म्हणून घेतलं होतं.

आता प्रश्न असा पडला, की ज्या माणसावर एवढी वर्षं राग धरला, तो आपला कुणी लागत होता की नाही? आणि लागत नसला, तर त्या रागाचं काय करायचं?

मन थाऱ्यावर यावं म्हणून तो ऊद घेऊन बसला. दोन सूर झाले नाहीत तोच शेजारच्या खोलीतून आईचा आवाज आला, की हसीनला अजून कुणी आत घेतलेलं नाही. पुढचे दोन दिवस तेच. तो वाजवायला बसे आणि आई हसीनसाठी कासावीस होई. जेवण पुढ्यातून सारी, उठून दारापर्यंत जाई. मंगळवारी तर तिने नवीनच काढलं.

"मायाचा आवाज उतरलाय," ती म्हणाली. "सकाळपासून उतरत चाललाय. तिच्याकडे कुणी बघत नाही का?"

जीलानीने हे नझीहाला टेलिफोनवर सांगितलं. पलीकडे तिने लगेच बेरीज केली.

"दादा," ती म्हणाली, "आपल्याला बहीण आहे."

"काहीतरीच काय."

"एक हसीन, एक माया. यात न समजण्यासारखं काय आहे? आजारी दिसतेय बिचारी. कुठे ठेवली असेल?"

जीलानीने तिला झापलं, पण झापताना आवाजात जोर नव्हता. डोकं पार भंजाळून गेलं होतं. आई चाललीय हे दिसत होतं. रोज थोडी थोडी जात होती. जाण्यापूर्वी तिला कुणाला तरी भेटायचं होतं. तो माणूस गावातच, हाकेच्या अंतरावर, पत्ते कुटत बसलेला असताना मुलाने त्याला आणू नये? आणि आणावं तर कुठल्या तोंडाने? त्याला बापाची बाजू घ्यावी की आईची, हेही कळेना. रात्रभर कूस बदलून त्याने ठरवलं, की बाप गेला, आई आहे. आहे त्याचं बघावं.

बुधवारी तो चौकातल्या कॉफीच्या दुकानात गेला. समोरच्या मनोऱ्यावरचं शेकडो वर्षांचं जुनं घड्याळ उलटं चालतं, काटे उजवीकडून डावीकडे. गावाला त्याचं काही वाटत नाही. हसीनकाका त्या घड्याळाकडे पाठ करून पत्ते पिसत होते. पंच्याऐंशीचे असतील, कानाने अधू, बाकी ठणठणीत.

"आईने तुमची आठवण काढलीय," जीलानी शक्य तेवढ्या हळू म्हणाला.

"काय काढलीय?"

"आठवण."

"कुणी?"

"आईने," जीलानीला ओरडावं लागलं, आणि तीनही टेबलांवरचे पत्ते थांबले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हसीनकाका आले ते पांढरा धुतलेला पायघोळ जेबा घालून, कानामागे मोगऱ्याचा गजरा खोचून, हातात डाळिंबांची टोपली. नझीहाने दार उघडलं आणि त्या गजऱ्याकडे अशी पाहत राहिली, की जणू कबुलीजबाबच कानामागे खोचलाय. काकांना बैठकीत बसवलं. आईला समोर आणून बसवलं. ऊद तिथेच गादीवर पडलेला होता. 

आईने पाहुण्याला टोपीपासून चपलांपर्यंत न्याहाळलं.

"टाकी धुणारा का?" ती जीलानीला म्हणाली. "मग इथे काय बसवून ठेवलाय? गच्चीवर पाठव त्याला."

नझीहाला ठसका लागला. हसीनकाकांनी विचारलं की ताई काय म्हणाल्या, आणि जीलानीच्या धीराचा बांध तिथेच फुटला. त्याने त्यांना स्पष्ट विचारलं. म्हणजे जमेल तेवढं स्पष्ट. तुम्ही आणि आई, लग्नाआधी, किंवा नंतर, म्हणजे काही बोलणं वगैरे, असं. दोनदा मोठ्याने विचारावं लागलं. दुसऱ्यांदा विचारताना त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

काकांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते.

"खमाइसच्या पोरा," डोळे पुसत ते म्हणाले, "तुझ्या आईचं तोंड मी धड पाहतोय ते आज. टोपली तुझ्या बापाच्या नावाने येते, बाबा. दर शुक्रवारी यायचा नि म्हणायचा, हसीन, पोरं पाठवतो, दोन तास सोडू नकोस. झाडं मोजायला लाव, काहीही कर. मी म्हणायचो, खमाइस, जरा दमानं घे, घरात म्हातारी आहे. तर हा कानापर्यंत लाल. पण कारण? शेवटपर्यंत नाही सांगितलं. नदीला मोठा पूर आला त्या साली तुमचं येणं बंद झालं. मग मीच टोपली पाठवायला लागलो. सवय लागली होती."

जीलानीच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि उतरल्या उतरल्या दुसरा बसला. हा हसीन नव्हे, तर मग कुठला? कुणाला आणायचं होतं? आई ज्याची वाट बघतेय तो जिवंत तरी आहे का? नझीहा गावातले सगळे हसीन बोटांवर मोजू लागली.

तेवढ्यात मागून सूर आला.

आईने ऊद मांडीवर घेतला होता. जीलानीने जन्मात तिच्या हातात वाद्य पाहिलं नव्हतं. तिचे वडील मालूफच्या बैठकीत वाजवत, एवढं ऐकून माहीत होतं. पण ते पुरुषांचं काम, मुलींनी दाराआडून ऐकायचं. आणि इथे ती बसली होती पाठ ताठ करून, ऊदाचं पोट कोपराखाली बरोबर दाबून, मान किंचित कलती. नवशिक्यांना सहा सहा महिने सांगूनही जमत नाही तसं. डाव्या हाताची बोटं तारांवर उतरली. अडखळणं नाही, शोधणं नाही. चार बोटं चार ओळखीच्या घरांत शिरावीत तशी ती फिरू लागली, आणि उजव्या हाताने तिने वाजवायला सुरुवात केली.

निघाला तो नुसता गोंधळ. खालचा सूर हवा तिथे वरचा, वरचा हवा तिथे मधला. सुराला सुराचा पत्ता नाही. बोटं इतकी शहाणी आणि आवाज इतका वेडा, हे एकत्र बघवत नव्हतं. आईलाही ते कळत होतं. ती थांबली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तोच गोंधळ. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

हसीनकाकांनी मान खाली घातली. असं म्हातारपण देवाने वैऱ्यालाही देऊ नये, असं पुटपुटत ते उठले. नझीहा त्यांना गाडीने घरी सोडायला म्हणून बाहेर पडली. खरं म्हणजे तिला तिथे उभं राहवेना.

जीलानी आईसमोर जमिनीवर बसला. तिच्या हातातून ऊद हळूच काढून घ्यावा, असा त्याचा विचार होता. तिने सोडला नाही.

"सांगून सांगून थकले," ती रडत म्हणाली. "हसीन शेवटी बसवलाय. त्याच्या जागेवर माया. धीलच्या शेजारी हसीन नको का?" आणि बोलता बोलता तिने सगळ्यात खालच्या, सगळ्यात बारीक तारेवर नख मारलं. "हा बघ. इथे बसवलाय हा हसीन."

तार टणकन वाजली. जीलानी त्या तारेकडे बघत राहिला.

धील, हसीन, माया. ही तर मालूफमधल्या रागांची नावं. लहान पोरालाही माहीत असतात, त्यालाही होती. तीच नावं जुने लोक अरबी ऊदाच्या तारांना देतात, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं. तो तारांना पहिली, दुसरी म्हणत मोठा झालेला. या लाकडाचं वय, रोगणाची जात, सरसाचा वास, सगळं त्याला तोंडपाठ होतं. आणि चार दिवस आई घसा फोडून सांगत होती ते ऐकून तो बापाचे कान मोजत बसला होता. मायाचा आवाज उतरला होता, कारण नवी तार ताणून सैल पडते. कुठल्याही दुकानातल्या पोराला कळलं असतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

"थांब, आई," तो म्हणाला. "बसवतो हसीनला."

जाड धील सोडून त्याने बाकीच्या तारा उतरवल्या. बारीक जोड शेवटून उचलून धीलच्या शेजारी आणली. एक खुंटी सारखी घसरत होती. त्याने तिला खडू चोळला. आई मांडीवर बोट नाचवत बसली होती, घाई करत होती. तो खुंटी पिळायचा आणि ती म्हणायची, अजून, अजून. मग हात वर करून, पुरे. त्याचं सूर जुळवायचं यंत्र खिशात होतं, ते त्याने काढलं नाही. मग माया, तिसऱ्या जागी. मग शेवटी उरलेली जोड.

"ही कोण, आई?"

"रमल. रमल माहीत नाही?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

आता चढण नव्हती, जिना नव्हता. जाड, मग एकदम बारीक, मग पुन्हा जाडसर, मग पुन्हा वर. सुटा हात फिरवला तर जीलानीला ठेच लागल्यासारखं वाटलं. त्याने ऊद तिच्या मांडीवर ठेवला. तारा छेडायचा त्याचा प्लास्टिकचा तुकडा तिने बाजूला टाकला, तेव्हा त्याने डब्यातून गरुडाच्या पिसाची काडी शोधून दिली.

आईने तेच वाजवलं. बोटं तीच, तशीच, त्याच घरांत. मघाशी पाहिलेली प्रत्येक हालचाल त्याला ओळखू आली. पण या वेळी त्यातून चाल निघाली. सावकाश, पायऱ्या न मोजता उतरणाऱ्या माणसासारखी, एक संथ चाल. खालच्या सुराला वरचा लगेच हाताशी सापडत होता, शेजारीच तर बसला होता तो. अडाणीपणा म्हणे. ज्या संगीतावर त्याला तरुणपणी झोप लागायची ते हेच होतं, आणि आता त्याला श्वास घ्यायचंही भान राहिलं नाही.

मध्येच ती थांबली. काडी तारेवर तशीच धरून तिने दाराकडे पाहिलं, मग जीलानीकडे. ओळखीच्या नजरेने पाहिलं. त्या नजरेने तिने आजवर त्याला कधीच पाहिलं नव्हतं.

"अहो खमाइस," ती हलक्या आवाजात म्हणाली, "दार लावा ना. सासूबाई हमाममधून यायची वेळ झाली."

बैठकीचं दार अंगणाकडे सताड उघडं होतं. अंगणात कुणी नव्हतं. आजीला जाऊन जग लोटलं होतं. पुराच्या साली खालच्या खोलीतलं सगळं नदीने नेलं होतं, पिठाचा रांजण, गाद्या, आईची लग्नातली पेटी. घरात पुढे कित्येक वर्षं त्या एकेका वस्तूची हळहळ चालायची, आणि जिचं नावही घेता येत नव्हतं ती वस्तू त्या यादीत कधीच आली नाही. त्यानंतर शुक्रवारची टोपली बंद झाली. मग कधीतरी पोराने एक गिटार घरी आणलं, आणि कारकुनाने त्याच्याकडे बराच वेळ बघून एवढंच सांगितलं, की वाजवायचं तर दार लावून.

जीलानी उठला. त्याने दार लावलं, कडी घातली, आणि परत येऊन आईच्या पायांशी बसला.

"पोरं?" तिने विचारलं.

"मळ्यात पाठवलीत," तो म्हणाला. "दोन तास येत नाहीत."

"बरं," म्हणून तिने काडी पुन्हा तारेला लावली.